शेजारची सीट

१

“यांच्यात शेजारी बसणारी आहे. देऊन टाक आता.”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी हात धुवायला आत गेले होते. चहाबरोबर आलेल्या चिवड्याचं तेल बोटांना लागलं होतं आणि परक्या घरात ओढणीला हात पुसण्याइतकी मी अजून धीट झाले नव्हते. बेसिन स्वयंपाकघराच्या दाराशीच होतं. नळ सोडण्याआधी आतून आवाज आला, म्हणून मी नळ सोडलाच नाही.

खरं सांगायचं तर मी दुसऱ्याच एका वाक्याच्या तयारीने उभी होते. सदाशिव पेठेतल्या त्या चौथ्या मजल्यावर आम्ही बसतो न बसतो तोच आडनाव विचारलं गेलं होतं, आणि माझ्या सासऱ्यांनी आडनाव आणि निवृत्त होतानाचा हुद्दा एका दमात सांगितला होता. ते नेहमी तसंच सांगतात. अशा प्रश्नोत्तरानंतर आतल्या खोलीत काय बोललं जातं, ते ऐकायची आमच्याकडच्या कानांना सवय असते. मी कान टवकारले ते त्यासाठी. ऐकू आलं ते हे.

बोलणाऱ्या होत्या सुनीतीबाई, गाडी विकायला काढलेल्या गोपाळकृष्णांच्या आई. सत्तरीला टेकलेल्या, अंगाने काडी, पोपटी काठाची पांढरट साडी. गोपाळकृष्ण चाळिशीचे, अविवाहित. ओट्यावर चमचा ठेवल्याचा आवाज झाला, एवढंच.

मी हात धुतले. त्यात वावगं काय होतं? नवं जोडपं आहे, हौसेनं फिरेल, चांगल्या घरी जाईल गाडी, असं म्हातारीला वाटलं असेल. मांजराचं पिल्लू देतानाही लोक असं बोलतात. बाहेर येऊन बसले तर प्रज्ञेशने भुवया उडवून काय म्हणून विचारलं. मी मान हलवून काही नाही म्हटलं. लग्नाला तीन महिने झाले होते आणि आमचं निम्मं बोलणं असंच चालायचं.

२

गाडीचं वेड प्रज्ञेशचं. रोज हिंजवडीला कंपनीच्या बसने जाणारा माणूस बसच्या खिडकीतून जे बघतो, त्यातलं त्याला हेच आवडलं होतं: दिसायला चारचौघींसारखी लहान गाडी, पण आत मोठ्या गाडीचं इंजिन. ते मॉडेल कंपनीने कधीच बंद केलं होतं, म्हणून मिळाली तर जुनीच मिळणार. “हॉट हॅच म्हणतात पप्पा याला,” त्याने जेवताना समजावलं होतं.

“म्हणजे लवकर तापते का?” सासऱ्यांनी विचारलं.

माझे सासरे तात्याराव, ज्यांना आम्ही पप्पा म्हणतो, एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं होते. गाडी आणली की ते नारळ फोडत नाहीत, लिंबू-मिरची बांधत नाहीत. त्याऐवजी यादी करतात. जुनी गाडी घेताना बघायच्या एकतीस गोष्टी त्यांच्या डायरीत सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या आहेत, आणि नात्यातल्या कितीतरी गाड्या त्या यादीतून पास-नापास झालेल्या आहेत. पद्धत वर्कशॉपची. एकजण तपासतो, दुसरा लिहितो. तपासणाऱ्याने लिहायचं नाही, म्हणजे तो मागाहून शब्द मऊ करत नाही. लिहिणाऱ्याने बोलायचं नाही, म्हणजे तपासणाऱ्याचं लक्ष विचलित होत नाही. लिहायचं ते फक्त हो किंवा नाही. वाटतं, बहुतेक, असावं, हे शब्द डायरीत बसत नाहीत.

लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं आहे आणि मी बोलत नाही, ही दोन्ही कारणं घरात कौतुकानेच सांगितली जातात.

एक अडचण मात्र माझी मलाच होती. एकांतात मी प्रज्ञेशला तू म्हणायला लागले होते. पप्पांसमोर तू म्हणवत नव्हतं आणि तुम्ही म्हटलं की तो हसायचा. त्यामुळे पप्पा असले की मी क्रियापद लागणार नाही एवढंच बोलायची. एवढ्या छोट्या वाक्यांत जगातलं फारसं काही सांगता येत नाही, हे त्या रविवारी कळलं.

३

गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये होती. भिंतीवर पाटी: ‘जागा रिकामी दिसली तरी रिकामी नाही. मालक बाहेर गेले आहेत, इतकेच.’ पप्पांनी ती दोनदा वाचली आणि पेठेचं कौतुक वाटल्यासारखी मान डोलावली.

लाल गाडी. सहा वर्षांची असून कालच आणल्यासारखी. जानेवारीतलं सकाळचं ऊन रस्त्यावरून तिरपं आत येऊन तिच्या पुढच्या काचेपाशी थांबलं होतं. प्रज्ञेश तिच्याभोवती नुसता फिरत राहिला. लग्नाआधी मला बघायला आला तेव्हाही तो इतका वेळ उभा नव्हता.

पप्पांनी सगळ्यात आधी बॉनेटवर तळहात ठेवला. इंजिन गार आहे ना, की गिऱ्हाईक येणार म्हणून आधीच चालू करून ठेवलंय? गार होतं. हो. मग पुढच्या पत्र्यांचे बोल्ट: पाना लागलेला असला तर रंग उडतो, म्हणजे कधीतरी पत्रा खोललाय, म्हणजे कधीतरी ठोकलीय. रंग शाबूत. हो. दोन पत्र्यांमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, ते बोट फिरवून. हो. ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय धरली आहे का? नाही, म्हणजे आपल्या हिशेबाने हो. दारांची रबरं, टायरची झीज, सीटबेल्टच्या तळाशी शिवलेल्या पट्टीवरचं साल, डिकीत स्टेपनीखालचा गंज. पप्पा वाकत, ठोकत, वास घेत पुढे सरकत होते, मी त्यांच्या मागे हो लिहीत होते. त्या लयीत एक गुंगी होती. हो, हो, हो. आपण कशाला तरी संमती देत चाललोय आणि कशाला ते नीट ऐकलेलं नाही, असं मधेच वाटून गेलं.

ड्रायव्हरच्या पायांखालची पेडलं पप्पांनी वाकून बघितली. मीटरवर अडतीस हजार. ब्रेकच्या पेडलवरचं रबर कोरं करकरीत होतं, त्यावरच्या बारीक रेघासुद्धा झिजलेल्या नव्हत्या.

“रबर बदललं का?”

“नाही,” गोपाळकृष्ण म्हणाले. “काही बदललेलं नाही.”

मग पप्पा डाव्या बाजूला आले. शेजारच्या सीटवर शोरूमचं प्लास्टिक अजून तसंच होतं, ताणलेलं, चुणीसुद्धा नसलेलं. या सीटवर कधी कोणी बसलंच नाही, असं गोपाळकृष्णांनी सांगितलं. ते एकटेच चालवायचे. आईचे गुडघे गेलेले, इमारतीला लिफ्ट नाही. गाडी घेतली त्या वर्षापासून त्या चार मजले उतरलेल्याच नाहीत. गाडी त्यांनी फक्त वरून, गॅलरीतून पाहिली होती.

ओल धरलीय का ते बघायला पप्पांनी त्या बाजूची मॅट उचलली.

खालचा गालिचा दोन ठिकाणी झिजला होता. शेजारी शेजारी, दोन पावलांएवढे खळगे. उजवा जास्त खोल. तिथे धागे संपून खालचा पत्रा दिसत होता, आणि पत्रा घासून चकचकीत झाला होता, देवळाच्या उंबऱ्यासारखा.

आम्ही चौघं बघत राहिलो. मग पप्पा म्हणाले, गालिचा दुसऱ्या गाडीचा टाकला असेल, शोरूमवाले करतात असं. गोपाळकृष्णांनी खिशातून किल्ली काढली. माझ्या डोक्यात आलं की गालिचा दुसऱ्या गाडीचा असेल, पत्रा कसा असेल? पण लिहिणाऱ्याने बोलायचं नसतं. यादीत ओल आहे का एवढंच होतं. ओल नव्हती. मी हो लिहिलं.

४

चालवून बघायला गोपाळकृष्ण आमच्याबरोबर आले नाहीत. किल्ली प्रज्ञेशच्या हातात देऊन म्हणाले, खडकवासल्यापर्यंत जाऊन या निवांत. अनोळखी माणसांना कोणी असं गाडी देतं का? पप्पांना त्यात पेठेतला जुना सज्जनपणा दिसला. ते मागे बसले, कारण मागचा खडखडाट मागे बसूनच ऐकू येतो, आणि डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की कान उघडतात असं त्यांचं म्हणणं. सासूबाई म्हणतात, घोरणंही उघडतं.

मी पुढे बसले. प्लास्टिक कोमट होतं. पार्किंगमधली सावली, जानेवारी महिना, आणि नुकतंच कोणी उठून गेल्यासारखं कोमट. सीट पुढेमागे करावी लागली नाही. पट्टा ओढला तो माझ्याच मापाचा असल्यासारखा येऊन बसला. मॅट पप्पांनी मागे टाकली होती, तेव्हा चपला काढून पाय खाली सोडले तर ते आपोआप त्या खळग्यांत गेले. पत्रा मात्र गार होता.

दांडेकर पुलाच्या सिग्नलला दिवा पिवळा झाला आणि प्रज्ञेशने वेग वाढवला. माझा उजवा पाय आपसूक दाबला गेला. शेजारी बसणारा प्रत्येकजण ते करतो, नसलेला ब्रेक दाबतो. गाडी अलगद थांबली.

“ब्रेक बघ,” प्रज्ञेश म्हणाला. “नुसता विचार केला की लागतात.”

मी हसले. त्याला आनंदात बघायला मला आवडत होतं. राजाराम पूल गेला, विठ्ठलवाडी गेली. रविवारची सकाळ रस्त्यावर पसरली होती; फुलांच्या पाट्या, सायकली, दुधाच्या किटल्या, सगळं काचेमागून आवाज नसल्यासारखं सरकत होतं. गाडीत नव्या प्लास्टिकचा आणि त्याखाली फार पुसटसा, उगाळलेल्या सुंठीचा वास होता. मला पेंगल्यासारखं झालं.

वडगावला एक हातगाडी एकदम आडवी आली. पाय दाबला गेला. गाडी थांबली. या वेळी मी खाली बघितलं. प्रज्ञेशचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर होता. ब्रेकपर्यंत तो पोचलाच नव्हता.

माझे वडील शाळेत गणित शिकवत. मी अंधारात घाबरले की ते म्हणायचे, मोजायला लाग. ज्याचा आकडा येतो त्याची भीती जाते. म्हणून मी मोजायचं ठरवलं. नांदेड फाट्यापुढे रस्ता मोकळा होता. समोर कोणी नाही, काही कारण नाही. मी उजवा पाय हळू दाबला.

गाडी मंदावली.

“हे काय?” प्रज्ञेश म्हणाला.

“पेट्रोलात कचरा असेल,” पप्पा मागून डोळे न उघडता म्हणाले. “ब्रेकचं काय म्हणणं आहे?”

“एकदम भारी पप्पा.”

“ब्रेक, हो. लिही गं.”

मी लिहिलं. डायरी मांडीवर होती, पेन हातात होतं, आणि मला सांगितलेलं काम मी केलं. दुसरं कोणतं वाक्य मी बोलू शकले असते, याचा मी त्या क्षणी विचार केला होता. पप्पा, ही गाडी माझं ऐकते. असं वाक्य आमच्या घरात कोणी आजवर बोललेलं नव्हतं. ज्या घरात तीन पिढ्यांपूर्वी अंगात येणाऱ्यांना बाहेरचा रस्ता दाखवला गेला, तिथे लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात मी ते कसं बोलणार होते? आणि मीही त्याच विचारात वाढलेली. मलाही ते पटलं नसतं.

एक मोजणी राहिली होती. खडकवासल्याचं पाणी दिसायला लागलं, चौपाटीवरची गर्दी दिसायला लागली, कणसांच्या शेगड्यांचा धूर दिसला, तेव्हा मी दोन्ही पाय वर घेतले आणि मांडी घालून बसले.

प्रज्ञेशने ब्रेक दाबला. मी बघत होते. पेडल पार खाली गेलं. गाडी चालत राहिली. कणीसवाली गेली, भजीवाला गेला. प्रज्ञेशने पुन्हा दाबला. समोर एक माणूस मुलाला खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडत होता, पाण्याकडे बघत, आपल्याच नादात.

मी पाय खाली टाकून दाबले. गाडी त्या माणसापासून हातभर अलीकडे थांबली.

“थोडे पुढे आलो,” प्रज्ञेश हसून म्हणाला. त्याच्या ओठावर घाम होता, पण हसू खरं होतं. माणसाला एखादी वस्तू फार हवी असली की तो तिच्यासाठी स्वतःशी किती सहज खोटं बोलतो, ते मी तिथे पाहिलं. राग नाही आला. भीती आली. ही गाडी घरी येणार, आणि तो रोज एकटा हिंजवडीला जाणार.

५

पप्पा पाय मोकळे करायला उतरले. मीही उतरले. पाण्यावरून गार वारा येत होता. पलीकडचा डोंगर धुरकट, अर्धवट आठवणाऱ्या गोष्टीसारखा. पप्पांनी दोन कणसं घेतली आणि तिखट जरा जास्त लावायला सांगितलं. तेवढ्यात मागे इंजिनाचा आवाज झाला.

प्रज्ञेश निघाला होता. एकट्याने एक फेरी मारून येतो, अशी त्याने हाताने खूण केली.

मला हाक मारायची होती. हाक मारली की पुढे थांब की थांबा हे आलंच, आणि पप्पा शेजारी होते. असल्या क्षणी असला अडसर यावा, याचं आज हसू येतं. मी पळाले. दहा पावलं पळून थांबले, कारण लाल गाडी वळणापलीकडे गेली होती. मी तिथेच रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि मातीत उजवा पाय रोवून दाबत राहिले. त्याचा उपयोग नव्हता. खालची माती नुसती माती होती.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. पप्पा म्हणतात दहा मिनिटं, त्यांनी घड्याळ बघितलं होतं. मग ती परत येताना दिसली, वेगात, गर्दीच्या दिशेने. चौपाटीवर सगळे पाठमोरे, पाण्याकडे तोंड करून.

गाडी मंदावली. अगदी शांतपणे मंदावत माझ्यापासून दोन हातांवर येऊन उभी राहिली.

काचेवर ऊन होतं. आत नीट दिसत नव्हतं. शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला होता. मी उतरताना काढला होता, क्लिक झालेलं माझ्या बोटांना आठवत होतं. आता तो लावलेला होता आणि सीटला चिकटून नव्हता. सीटपासून वीतभर पुढे, कशावरून तरी वळसा घेऊन गेला होता. प्लास्टिक मधे दबलेलं. दार आणि सीट यांच्या फटीत, खाली, पोपटी रंगाची एक बारीक रेघ.

मग ढग आला की मीच पापणी मिटली, कोण जाणे. पट्टा सैल पडला. बसलेलं माणूस फार दमून मागे टेकावं, तसा सैल पडला. प्रज्ञेशने आतून दार उघडून दिलं तेव्हा पट्टा बाजूला लोंबत होता आणि अजून हलत होता.

“एकटा होतो तरी काय लागले ब्रेक,” तो म्हणाला. “मघाशी उगाच घाबरलो.”

परतीच्या वाटेवर मीच पुढे बसले. पप्पा म्हणाले होते, मी बसतो पुढे, तुला ऊन लागेल. मी नको म्हटलं. कोणीतरी बसायलाच हवं होतं. धायरी फाटा, वडगाव, विठ्ठलवाडी. रस्ता आता गजबजला होता आणि प्रत्येक रिक्षा, प्रत्येक म्हातारा, प्रत्येक कुत्रं माझ्या उजव्या पायाशी येऊन थांबत होतं. मी डोळे रस्त्यावरून काढले नाहीत. पाठ ताठ, हात मांडीवर. बाहेरून बघणाऱ्याला नवी नवरी ऐटीत बसलेली दिसली असेल.

राजाराम पुलापाशी प्रज्ञेशने माझ्याकडे बघितलं आणि पप्पांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, “तू शेजारी अशी शांत बसलीस ना, की फार बरं वाटतं.”

६

वर गेलो तेव्हा सुनीतीबाई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. पाय गरम पाण्याच्या घमेल्यात, गुडघ्यांना सुंठीचा लेप. त्यांनी मला शेजारच्या स्टुलावर बसवून घेतलं. पलीकडे दिवाणावर पप्पा डायरी उघडत होते, गोपाळकृष्ण कागदपत्रांची फाइल शोधत होते, प्रज्ञेश भिंतीवरच्या दिनदर्शिकेत गाडी न्यायचा वार बघत होता.

खाली गल्लीत कोणीतरी कर्कश हॉर्न दिला. घमेल्यातलं पाणी डचमळलं. सुनीतीबाईंचा उजवा पाय तळाशी दाबला गेला होता. त्यांनी माझी नजर पाहिली आणि पाय सैल सोडला.

“तुम्ही गेलात आणि माझा डोळा लागला,” त्या हळू म्हणाल्या. आवाजात नवल होतं. “दिवसाढवळ्या. सहा वर्षांत असं झालं नव्हतं गं. हा घराबाहेर पडला की मला झोप कसली.” मग त्या डावा खांदा चोळायला लागल्या. पट्टा जिथून जातो, तिथेच. “मधे मात्र जाग आली. उतरली होतीस वाटतं तू? दहाएक मिनिटं?”

मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं.

त्यांच्या डोळ्यांत दुष्टपणा शोधला. तो असता तर बरं झालं असतं. तिथे फक्त थकवा होता, आणि त्या थकव्याच्या तळाशी, माझ्याकडे बघणारी आशा. रांगेत फार वेळ उभ्या असलेल्या बाईने मागच्या बाईला म्हणावं, जरा माझ्या जागेवर उभी राहतेस का, तशी. आणि मला दिसलं की मी हो म्हणेन. प्रज्ञेश रोज सकाळी किल्ली घेऊन निघेल आणि मी मागे स्वयंपाकघरात उभी असेन, भाजी परतत, ओट्याशी पाय रोवून. कोणी मला जबरदस्ती करणार नाही. तो आवडतो मला. मी आपण होऊनच दाबत राहीन, आणि सगळे म्हणतील, काय ब्रेक आहेत, आणि सून किती शांत आहे.

“एकतीसपैकी एकतीस,” पप्पा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. “अशी गाडी मी आजवर बघितलेली नाही. प्रज्ञेश, तुझं मत काय विचारायचं, चेहऱ्यावर लिहिलंय. कल्याणी, खाली तारीख घाल आणि सही कर. लिहिणाऱ्याची सही लागते.”

त्यांनी डायरी माझ्यापुढे धरली. माझ्याच अक्षरातले एकतीस हो, एकाखाली एक, सरळ रांगेत. तेविसावा ब्रेकचा. खोलीत सगळे माझ्या सहीची वाट बघत होते. गोपाळकृष्ण आईकडे बघत नव्हते. मला वाटतं, त्यांना सगळं माहीत होतं आणि सहा वर्षं त्यांनी त्याला दुसरी काही तरी नावं दिली होती.

पेन मी टेकवलं आणि तेविसाव्या ओळीवर आडवी रेघ मारली. माझ्या हाताने डायरीत खाडाखोड झालेली पप्पांनी कधी बघितली नव्हती. ते काही बोलायच्या आत मी उभी राहिले. आवाज माझाच होता, पण इतका मोठा मी तो त्या घरात काय, माझ्या माहेरीही कधी वापरला नव्हता.

“पप्पा, हा हो मी खोटा लिहिला होता. या गाडीला ब्रेक नाहीत. सकाळपासून मी पाय दाबून ती थांबवत होते, आणि मी उतरले तेव्हा इथे वर बसून या काकूंनी थांबवली. प्रज्ञेश, तू ही घ्यायची नाहीस. आणि गोपाळकृष्ण, तुम्ही ही कोणालाच विकू नका, उद्या मोडीत घाला. सहा वर्षं झाली, तुमच्या आईला आता उतरू द्या.”